वाळवंटात पेंटबॉल : गॅस, गोळ्या आणि धूळ यांची तयारी कशी करावी?

वाळूघड्याळ
मंडळी, उघड्या वाळवंटात दोन दिवसांचा पेंटबॉलचा (रंगाच्या गोळ्या मारून समोरच्याला बाद करायचा) खेळ आखतो आहोत. वीस खेळाडू, दहा-दहाच्या दोन तुकड्या. दुपारी पारा ४० च्या वर जातो आणि पहाटे १२ पर्यंत उतरतो. जमीन थोडी टणक, थोडी टेकड्यांची. झाडं जवळजवळ नाहीत.

सध्याचा आराखडा असा आहे:
गॅस (गोळी ढकलायला) : सीओटूच्या, म्हणजे कार्बन डायऑक्साइडच्या, २० औंसी बाटल्या, कारण भरायला सोप्या.
गोळ्या : थेट बर्फाच्या पेटीत.
मार्कर (गोळ्या मारायची बंदूक) : धूळ आहे म्हणून नेहमीपेक्षा दुप्पट तेल.
वेळ : सकाळी ९ ते संध्याकाळी ५.

यात काय चुकतंय ते मोकळेपणाने सांगा. गोळ्या बॅरलमध्ये (मार्करच्या नळीत) फुटण्याची भीती सगळ्यात जास्त आहे.

ओ_रिंग
चारही गोष्टी बदला. तेलापासून सुरुवात करतो, कारण ही चूक सर्रास होते. तेल धूळ पकडतं. बारीक वाळू आणि तेल मिळून जो लगदा होतो तो पॉलिश पेपरसारखं काम करतो: बोल्ट (गोळी पुढे ढकलणारा दट्ट्या) घासतो, ओ-रिंग (गॅस अडवणारी रबरी कडी) कापतो. वाळवंटात तेल कमी लावायचं आणि पुसणं जास्त वेळा करायचं.

ब्लोबॅक मार्कर (सुटलेल्या गॅसच्याच धक्क्याने पुन्हा ताणला जाणारा) असेल तर टाकी जोडतो त्या तोंडात पेंटबॉलच्या तेलाचे ३-४ थेंब, मग गोळ्या न भरता आठ-दहा वेळा चालवायचा आणि बाहेर आलेलं तेल फडक्याने टिपायचं. स्पूल व्हॉल्वचा मार्कर (ज्यात बोल्टच सरकून हवा सोडतो) असेल तर तेल नाहीच, त्याचं ग्रीस. तेही ओ-रिंगवर चकाकी येईल इतकंच. खाचेत साठलेलं पांढरं ग्रीस दिसलं म्हणजे जास्त झालं.

आणि गंज सोडवायचे पेट्रोलियम स्प्रे मार्करच्या जवळपासही आणू नका. ओ-रिंग फुगतात, मऊ पडतात.

क्रोनोकाका
सीओटूबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण इथे प्रश्न नुसत्या गैरसोयीचा नाही, सुरक्षेचा आहे.

बाटलीत सीओटू द्रवरूपात असतो आणि त्याचा दाब तापमान ठरवतं. १२ अंशांना सुमारे ६९० पीएसआय (दर चौरस इंचावरचा पौंडांतला दाब), २० ला सुमारे ८३०, ३० ला १,०५० च्या आसपास. ३१ अंशांच्या वर तर द्रव असा उरतच नाही. तिथून पुढे बाटली किती भरली आहे यावर दाब अवलंबून राहतो आणि तो झपाट्याने चढतो. २० औंसाची, म्हणजे ५६७ ग्रॅमची, नियमाप्रमाणे भरलेली बाटली ५० अंशांपर्यंत तापली तर दाब २,००० पीएसआयच्या घरात जातो. चुकून जास्त भरलेली असेल तर त्याहून कितीतरी वर.

याचे परिणाम दोन. पहिला, रेग्युलेटर (दाब एकसारखा ठेवणारा भाग) नसलेल्या मार्करचा वेग दिवसभर बदलत राहतो: पहाटे गोळी लोळत जाते, दुपारी मर्यादा ओलांडते. दुसरा, बाटलीच्या व्हॉल्ववरची बर्स्ट डिस्क फुटून सगळा गॅस सुटू शकतो. डिस्क असते त्यासाठीच, पण सुटी पडलेली बाटली त्या क्षणी उडते किंवा गरगर फिरते.

सीओटू वापरायचाच असेल तर प्रत्येक बाटली वजनकाट्यावर भरा. आधी रिकामीचं वजन, मग भरलेलीचं. उष्ण दिवशी पूर्ण न भरता ४५० ते ५०० ग्रॅमवर थांबा. बाटल्या उन्हात, वाळूवर किंवा बंद गाडीत ठेवू नका.

वाळूघड्याळ
@क्रोनोकाका, धन्यवाद. मग हाय प्रेशर हवा (उच्च दाबाने भरलेली साधी हवा) घेतली की प्रश्न संपला का?

क्रोनोकाका
संपला नाही, पण आवाक्यात आला. हवा द्रवरूप होत नाही, त्यामुळे तिचा दाब साध्या प्रमाणात वाढतो. २० अंशांना ४,५०० पीएसआय भरलेली टाकी ५० अंशांना सुमारे ४,९५० दाखवेल, म्हणजे १० टक्के. टाकीवरचा रेग्युलेटर तो उतरवून मार्करला ८०० ते ८५० देतो (कमी दाबाच्या टाकीत ४५० च्या आसपास) आणि हा आकडा दिवसभर जवळजवळ तोच राहतो.

भरताना घाई करू नका. हवा वेगाने भरली की टाकी तापते, काटा ४,५०० दाखवतो आणि टाकी निवली की तोच काटा ४,००० च्या खाली आलेला असतो. मग लोक म्हणतात, 'टाकी गळते.' सावलीत, हळूहळू भरायची. पाच मिनिटं थांबून वर थोडी भरायची.

शिवाय टाकीवरची हायड्रो चाचणीची (पाण्याच्या दाबाने टाकीची ताकद तपासण्याची) तारीख पाहा. मुदत उलटलेली टाकी उन्हात तर नाहीच, सावलीतही भरू नये.

रंगारी
आता गोळ्या. बर्फाची पेटी म्हणजे थेट बर्फावर पिशव्या ठेवणार असाल तर ते नको.

गोळीचं कवच जिलेटिनचं. आत पॉलिइथिलिन ग्लायकॉल, सॉर्बिटॉल, रंग आणि घट्टपणा आणणारे पदार्थ. जिलेटिन हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. दमट हवेत गोळी फुगते आणि मऊ होते. कोरड्या हवेत आकसते आणि कडक होते. बर्फ वितळून पाणी पिशवीत शिरलं तर गोळ्या चिकटून गठ्ठा होतो. बर्फाने फार गार झाल्या तर कवच ठिसूळ होतं आणि बॅरलमध्येच फुटतं.

हवं ते तापमान १८ ते २४ अंश, आर्द्रता ४० ते ५० टक्के. पेटीत तळाला गोठवलेले जेल पॅक टॉवेलात गुंडाळून ठेवा, वर पुठ्ठा, त्यावर बंद पिशव्या आणि मध्ये एक साधा थर्मामीटर. पारा १५ च्या खाली गेला तर एक पॅक बाहेर काढा. २५ च्या वर गेला तर एक वाढवा. पेटी गाडीत नको, ताडपत्रीच्या सावलीत आणि जमिनीपासून वीतभर उंच हवी. दिवसा वाळू हवेपेक्षा खूप जास्त तापते.

निशाणी
@रंगारी, एका गोष्टीवर असहमत. वाळवंटात गोळ्या ठिसूळ होत नाहीत, मऊ पडतात. उन्हात हॉपर (मार्करवरचा गोळ्यांचा डबा) तापला की गोळ्या लंबगोल होतात, अंगावर आपटून न फुटता परत येतात. आणि गोळी फुटली नाही तर समोरचा बाद होत नाही. बर्फ कमी करा म्हणणं म्हणजे उलटा सल्ला झाला.

रंगारी
दोन्ही गोष्टी होतात, फक्त वेगवेगळ्या वेळी. उष्णतेचा परिणाम मिनिटांत दिसतो: हॉपर काळा असेल तर दहा-पंधरा मिनिटांत कवच मऊ. कोरडेपणाचा परिणाम तासांत दिसतो: पिशवी उघडी राहिली की कवचातलं पाणी उडतं आणि संध्याकाळी हवा गार झाली की तीच गोळी अंड्याच्या टरफलासारखी तडकते. दुपारी मऊ वाटलेल्या उघड्या पिशवीतल्या गोळ्या रात्रीच्या खेळात सगळ्यात जास्त फुटतात. म्हणून गार ठेवणं जितकं महत्त्वाचं, तितकंच पिशवी बंद ठेवणं.

तपासायची रीत सोपी आहे. पाच गोळ्या खांद्याच्या उंचीवरून टणक जमिनीवर सोडा, वाळूवर नाही. सगळ्या पहिल्याच आपटीला फुटल्या तर ठिसूळ. पाच-सहा आपट्या खाऊनही एकही फुटली नाही तर मऊ किंवा फार जाड कवचाच्या. दुसऱ्या-तिसऱ्या आपटीला फुटणारी गोळी चांगली. प्रत्येक डावाआधी करा, मिनिटभराचं काम आहे.

निशाणी
हे पटलं. उघड्या पिशवीचा मुद्दा माझ्या लक्षात नव्हता. मग हॉपरमध्येही एका डावापुरत्याच गोळ्या भराव्यात. २०० गोळ्यांचा हॉपर आणि १४० चे दोन पॉड (जादा गोळ्यांच्या नळ्या) एका डावाला पुरतात. डाव संपला की उरलेल्या हॉपरमध्ये ठेवायच्या नाहीत, पेटीतल्या बंद डब्यात टाकायच्या.

ओ_रिंग
याला जोडून: गोळी आकसली की बॅरलला सैल होते. पुढे घरंगळते, वेग वर-खाली होतो, क्वचित दोन गोळ्या एकावर एक येतात. बदलता इन्सर्ट (आत बसणारी मापाची नळी) असलेली बॅरल असेल तर दुपारी पुन्हा मापून घ्या. मार्करपासून बॅरल काढा आणि मागून गोळी ठेवा. आपोआप घसरली तर इन्सर्ट मोठा. फुंकर मारल्यावर सहज पुढे गेली तर बरोबर. जोर लावूनही हलली नाही तर लहान. सकाळी ०.६८७ इंचाचा चालणारा इन्सर्ट दुपारी ०.६८४ चा लागू शकतो.

डिटेंटकडेही लक्ष द्या. गोळीला अडवणारी ती छोटी रबरी बोटं वाळूने अडकली की दोन गोळ्या शिरतात आणि पहिल्याच बारीत चिखल होतो. बारीक ब्रशने झाडायची, फुंकायचं नाही. फुंकरेतली वाफ धूळ चिकटवते.

भिंगवाला
मास्कबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. डोळ्याशी तडजोड नाही, हे वाळवंटात अधिकच लागू.

१. काच धुळीने माखली की कोरड्या कापडाने पुसायची नाही. वाळूचा कण पॉलिकार्बोनेटपेक्षा कठीण असतो, एका पुसण्यात रेघा पडतात आणि मावळतीच्या उन्हात त्या रेघांशिवाय काही दिसत नाही. आधी पाण्याचा फवारा, मग टिपून घ्या, मग ओलसर मायक्रोफायबर. ते कापड बंद पिशवीतच ठेवा.
२. दुहेरी काच पाण्यात बुडवायची नाही. दोन थरांमध्ये ओल शिरली तर काच बदलावी लागते.
३. अमोनियाची, खिडक्या पुसायची द्रव्यं वापरायची नाहीत. काचेवरचा थर जातो आणि काच कमकुवत होते.
४. पंख्याचा मास्क दमट जागी वरदान, इथे तो धूळ आत ओढतो. कोरड्या हवेत वाफ धरण्याचा त्रास मुळातच कमी असतो, त्यामुळे पंखा बंद.
५. गडद काच दिवसा चांगली, पण दिवस मावळला की साधी काच लावा. काच बदलायचं काम फक्त सुरक्षित जागेत.

आणि काही झालं, डोळ्यात घाम गेला, वाळू गेली, तरी मैदानात मास्क उचलायचा नाही. हात वर, 'बाद' म्हणा, आणि आंधळेपणाने का होईना, रेफरीचा हात धरून बाहेर या. उघड्या माळावर आडोसा कमी असतो, भरकटलेली गोळी कुठूनही येते.

सावली
@भिंगवाला यांच्या प्रत्येक शब्दाला +१. एक भर: नाकातोंडावर घट्ट फडकं बांधलं तर श्वास वर जातो आणि काच धुरकटते. फडकं गळ्याभोवती सैल ठेवा, मास्कच्या खालच्या कडेपर्यंतच.

टेकडीपल्याड
खेळाच्या बाजूने थोडं. वाळूच्या टेकडीला दोन अंगं असतात. वारा येतो त्या बाजूचं अंग उताराने हलकं आणि दाबून टणक झालेलं. पलीकडचं सरकतं अंग सुमारे ३४ अंशांचं, कोरडी वाळू त्याहून उभी राहतच नाही. धावायचं ते टणक अंगावरून. सरकत्या अंगावर एक पाऊल पुढे टाकलं तर अर्धं मागे येतं आणि गोळी चुकवायला वेळ मिळत नाही. म्हणून तुकडी वाऱ्याकडून चढवा आणि माथ्यावर कधीही उभे राहू नका. आकाशाच्या पार्श्वभूमीवर माणूस लांबून उठून दिसतो. माथ्याच्या हातभर खाली, पोटावर.

वाऱ्याचा हिशोबही ठेवा. गोळी जेमतेम ३ ग्रॅमची आणि १७ मिलिमीटरची, ३०-३५ मीटरच्या पुढे आडवा वारा तिला सहज बाजूला नेतो. दुपारी वारा वाढतो, तेव्हा अंतर कमी करून खेळावं.

पहाटे आणि संध्याकाळी सूर्य पाठीशी घेणारी बाजू वरचढ असते. म्हणून डावाच्या मध्यावर बाजू बदलायचा नियम ठेवा, नाहीतर नाणेफेकीवरच निकाल लागतो.

वाळूघड्याळ
टेकड्यांचं अंग डोक्यातच नव्हतं. आडोशासाठी खड्डे खणले तर?

टेकडीपल्याड
नको! कोरड्या वाळूत खड्ड्याच्या कडा ढासळतात, आणि छातीपर्यंत वाळू आली तर माणसाला स्वतःहून बाहेर पडता येत नाही. वाळू भरलेली पोती रचा: तळाला तीन, वर दोन, वर एक. फुगवायचे बंकर नेत असाल तर सकाळी गच्च फुगवू नका, दुपारी आतली हवा प्रसरण पावून शिवण उसवते. हाताने दाबून दोन बोटं आत जातील इतकीच हवा.

साधी खुंटी वाळूत टिकत नाही. दोरीच्या टोकाला वाळूने भरलेली पिशवी बांधा, ती अर्धा मीटर खोल आडवी पुरा आणि वरून तुडवा. याने वादळी वाऱ्यातही बंकर जागचा हलत नाही.

सावली
आडोसे रात्रभर मांडलेले राहणार असतील तर सकाळी प्रत्येक पोतं आणि टायर काठीने हलवून बघा. विंचू आणि साप सावली शोधत तिथेच येतात. हातमोजे घालूनच उचला, बूट झटकूनच घाला.

आता वेळेबद्दल. ९ ते ५ सोडा. उजाडल्यापासून १० पर्यंत आणि मग संध्याकाळी ४:३० नंतर. मधल्या वेळेत ताडपत्रीखाली साफसफाई आणि विश्रांती. अंगभर कपडे, मास्क आणि धावपळ यांत शरीराची उष्णता बाहेर पडायला वाट उरत नाही.

पाणी: दर १५-२० मिनिटांनी एक पेला, म्हणजे तासाला पाऊण ते एक लिटर. एकदम लिटरभर नाही. तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नका, रक्तातलं मीठ पातळ होऊन तेही धोकादायक. पाठीवरची पाण्याची पिशवी घ्या. नळी मास्कच्या खालून तोंडात येते, मास्क उचलावा लागत नाही. दोन तासांच्या वर खेळ असेल तर जलसंजीवनी: एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

बोलणं असंबद्ध झालं, पाय लटपटले, वागणं विचित्र वाटलं की तो उष्माघात समजा. खेळ थांबवा, मास्क आणि कपडे सैल करा, सावलीत सगळ्या अंगावर गार पाणी ओता, वारा घाला, आणि त्याच वेळी रुग्णवाहिका बोलवा. आधी गार करणं, मग हलवणं. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी घालू नका.

रंगारी
अवांतर : रंगाची निवड. पिवळा, नारिंगी आणि तपकिरी वाळूवर आणि खाकी कपड्यांवर दिसत नाही, रेफरी आणि खेळाडू दोघांचेही वाद होतात. निळा, हिरवा किंवा गुलाबी घ्या. लाल रंग बरेच लोक टाळतात आणि बरोबर करतात: खरी जखम आणि रंग यांत फरक करायला रेफरीला वेळ लागू नये.

आणखी अवांतर : पेंटबॉलचा पहिला खेळ १९८१ मध्ये अमेरिकेत न्यू हॅम्पशायरमध्ये झाला तेव्हा जंगलात झाडांवर आणि गुरांवर खूण करायचे मार्कर वापरले होते आणि आतला रंग तेलाचा होता. अंगावरचा रंग काढायला टर्पेंटाइन लागायचं. आजचा रंग पाण्याने निघतो, पण वाळवंटात पाणीच मोजकं, म्हणून ओलं फडकं जवळ ठेवा.

निशाणी
वाळूवर पडलेली गोळी पुन्हा भरू नका, हे सगळ्यांना डावाआधी बजावा. एका कणाने बॅरलवर ओरखडा पडतो आणि मग चांगल्या गोळ्याही त्या ओरखड्यावर फुटतात.

बॅरलमध्ये गोळी फुटली तर: बॅरल कव्हर (नळीच्या तोंडावरची पिशवी) लावा, हवा बंद करा, मैदानाबाहेर या, बॅरल काढा, स्क्वीजी (बॅरल आतून पुसायची काठी) एकदा मागून पुढे ओढा, मग कोरडा बोळा. इलेक्ट्रॉनिक मार्करच्या सेन्सरवर रंग आणि धूळ जमली की मार्कर आपोआप थांबतो किंवा संथ होतो. तो बिघाड नसतो. ओलसर कापसाची काडी फिरवली की चालू.

हॉपरला उघडं तोंड ठेवणारी झडप वाळवंटात काढून टाका आणि झाकण लावा. भरायला दोन सेकंद जास्त लागतील, पण वाळू थेट बॅटरीच्या गिअरमध्ये जाणार नाही.

वाळूघड्याळ
खूप मोलाचं मिळालं. आता हाय प्रेशर हवा, बंद पिशव्या, सकाळ-संध्याकाळचे दोनच डाव, खड्डे नाहीत. एक शंका: हवेची टाकी दाब सारखाच देते तर क्रोनो (गोळीचा वेग मोजणं) दिवसातून एकदा पुरेल ना?

क्रोनोकाका
नाही, आणि हे सगळ्यात जास्त चुकवलं जातं. टाकीचा रेग्युलेटर दाब सांभाळतो, पण गोळी बदलते, बॅरलशी तिचा मेळ बदलतो आणि मार्करमधलं ग्रीस पातळ-घट्ट होतं.

प्रत्येक डावाआधी मोजा, आणि तापमान १० अंशांनी बदललं असेल तर डावाच्या मध्येही. रीत अशी: मार्कर डावाच्या जागीच अर्धा तास सावलीत ठेवा, गोळ्या पेटीतून त्याच वेळी काढा, मग लागोपाठ सहा गोळ्या. सर्वांत मोठा आकडा तुमचा वेग, सरासरी नाही. मैदानांची मर्यादा बहुधा २८० ते ३०० फूट प्रति सेकंद असते. तुम्ही २७५ वर ठेवा. वेग १० टक्के वाढला तर गोळीची ऊर्जा २१ टक्के वाढते, म्हणून सहापैकी एकही आकडा मर्यादेच्या वर गेला तर तो मार्कर बाहेर.

ओ_रिंग
आणि टाकी चढवताना तिच्या तोंडावरची ओ-रिंग पाहा: माप ०१५. अशा किमान दहा सोबत ठेवा. वाळूचा कण अडकून हिस्स आवाज आला तर ती चिरलेली असते, पुसून परत बसवू नका. टाकी काढण्याआधी मार्करमधली हवा रिकामी करा. काढताना व्हॉल्वही टाकीवर फिरतोय का हे कळावं म्हणून व्हॉल्व आणि टाकी या दोघांवरून एक सरळ रेघ नखाच्या रंगाने काढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर लगेच हात थांबवा.

टेकडीपल्याड
वादळ आलं तर काय, हे आधीच ठरवा. रेफरीची लांब शिटी म्हणजे डाव थांबला: बॅरल कव्हर, मास्क डोळ्यांवरच, वाऱ्याकडे पाठ करून गुडघ्यावर बसा. धूळ बसल्यावर वीस डोकी मोजल्याशिवाय डाव सुरू होत नाही.

रंगारी
निघताना रिकामे पॉड, प्लास्टिकच्या पिशव्या, फुटलेली कवचं सगळं गोळा करा. जिलेटिन कुजतं हे खरं, पण त्याला ओल लागते. कोरड्या वाळूत ते महिनोनमहिने पडून राहतं. आणि जिथे जमिनीवर काळपट खडबडीत पापुद्रा दिसेल तिथून ना चालायचं ना गाडी न्यायची. तो शेवाळ, दगडफूल आणि जिवाणूंचा जिवंत थर असतो, वाळू धरून ठेवतो, आणि एकदा तुटला की भरून यायला कित्येक वर्षं लागतात. मैदानाच्या सीमा आखतानाच तेवढा भाग दोरी लावून वेगळा करा.